वीस चित्रे, वीस सेकंद: ठरलेल्या वेळेत बसणारे चित्रप्रधान सादरीकरण कसे तयार करावे

पेचाकुचा या सादरीकरणाच्या प्रकाराचा नियम एका वाक्यात सांगता येतो: स्लाइड्स वीस, प्रत्येक स्लाइड पडद्यावर वीस सेकंद, आणि पुढची स्लाइड वक्त्याच्या बोटाने नव्हे तर यंत्राने बदलायची. एकूण वेळ 6 मिनिटे 40 सेकंद. टोकियोत वास्तुरचनेचा व्यवसाय करणाऱ्या ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम यांनी 2003 मध्ये ही रीत सुरू केली. आपल्या कामाविषयी बोलू लागलेला वास्तुरचनाकार थांबत नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. अमेरिकेतील सिएटल शहरात 2006 मध्ये सुरू झालेल्या इग्नाइट या प्रकारात स्लाइड्स वीसच असतात, पण प्रत्येकीला पंधराच सेकंद मिळतात आणि बोलणे पाच मिनिटांत संपते.

महाविद्यालयातील स्पर्धा, वाचनालयातील कार्यक्रम, गिर्यारोहकांची बैठक किंवा बचत गटाच्या कामाची ओळख, अशा कोणत्याही प्रसंगी ही पद्धत उपयोगी पडते. मात्र तिची तयारी नेहमीच्या सादरीकरणासारखी करून चालत नाही. नेहमीच्या पद्धतीत आधी भाषण लिहिले जाते आणि मग त्याला शोभतील अशी चित्रे शोधली जातात. येथे तसे केले की चित्रे भाषणाच्या मागे फरफटत जातात, कारण वाक्य अर्धे राहिले तरी स्लाइड थांबत नाही. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम उलटा आहे: आधी चित्रे, मग त्यांचा क्रम, आणि सर्वांत शेवटी शब्द.

विषयाची निवड

सहा-सात मिनिटांत ‘कोल्हापूरचा इतिहास’ बसत नाही, ‘कोल्हापूरची खाद्यसंस्कृती’ही बसत नाही. विषय इतका अरुंद असावा की त्याची सुरुवात आणि शेवट कॅमेऱ्याला दिसू शकेल. काहीतरी घडत जाते, बदलत जाते, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते, असे विषय या पद्धतीला सर्वांत अधिक मानवतात. पुढील विवेचनासाठी आपण एकच उदाहरण घेऊ: गुऱ्हाळ. उसाच्या फडापासून गुळाच्या सौद्यापर्यंतचा प्रवास डोळ्यांना दिसणारा आहे, प्रत्येक टप्प्यावर रंग, आकार आणि हालचाल बदलते, आणि करवीर किंवा पन्हाळा तालुक्यात हंगामात फिरले तर छायाचित्रे स्वतः काढता येतात. याउलट ‘गूळ व्यवसायापुढील आव्हाने’ हा विषय महत्त्वाचा असला, तरी त्याची चित्रे बहुतांशी आलेख आणि मजकूर अशीच होतील. त्यासाठी साधे व्याख्यान बरे.

विषय पक्का झाला की तो एका पूर्ण वाक्यात लिहावा. ‘गुऱ्हाळ’ हे केवळ शीर्षक झाले; ‘गुळाची प्रत यंत्रापेक्षा गुळव्याच्या नजरेवर अवलंबून असते’ हे विधान झाले (गुळव्या म्हणजे गूळ तयार करणारा मुख्य कारागीर). कोणते चित्र ठेवायचे आणि कोणते गाळायचे, याचा निवाडा पुढे हेच वाक्य करते. ट्रॅक्टरचे छायाचित्र कितीही देखणे आले असले, तरी या विधानाला त्याची गरज नसेल तर ते बाहेर जाते.

चित्रे गोळा करणे

वीस स्लाइड्ससाठी किमान शंभरेक छायाचित्रे हाताशी असावीत, असा माझा आग्रह आहे. नेमक्या वीस छायाचित्रांवर भागवणाऱ्याला निवड करता येत नाही. त्याला फक्त मांडणी करता येते.

मोबाईल आडवा धरूनच छायाचित्रे काढावीत, कारण पडदा आडवा असतो आणि उभ्या छायाचित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. प्रत्येक टप्प्याची तीन अंतरांवरून छायाचित्रे घ्यावीत. पहिले दुरून, म्हणजे गुऱ्हाळघर, धुराडे आणि वाळत घातलेली चिपाडे एकत्र दिसतील असे. दुसरे मध्यम अंतरावरून, म्हणजे काहिलीभोवती (रस उकळण्याच्या मोठ्या कढईभोवती) उभी असलेली माणसे आणि त्यांच्या हातातील अवजारे दिसतील असे. तिसरे अगदी जवळून, म्हणजे रसावर आलेली मळी किंवा गुळव्याच्या बोटांवरचा पाक दिसेल असे. दुरून घेतलेल्या चित्रातून ठिकाण समजते, मध्यम अंतरावरच्या चित्रातून काम समजते आणि जवळच्या चित्रातून कसब समजते. सलग वीस चित्रे एकाच अंतरावरून घेतलेली असतील, तर ती कितीही सुरेख असोत, चौथ्या-पाचव्या स्लाइडला प्रेक्षकाचे लक्ष उडते.

गुऱ्हाळघरातील उजेड फसवा असतो. चुलवाणाचा (काहिलीखालच्या मोठ्या चुलीचा) जाळ आणि काहिलीवरची वाफ यांमुळे मोबाईलचा कॅमेरा गोंधळतो, बाहेरचा प्रकाश पांढराफटक येतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. उजेड आपल्या पाठीशी येईल अशी जागा धरावी, पडद्यावर बोटाने चेहऱ्यावर टिचकी मारून प्रकाश तेथे जुळवून घ्यावा, आणि फ्लॅश टाळावा, कारण वाफेवर फ्लॅश पडला की समोर पांढरी भिंत उभी राहते. सभागृहातील प्रोजेक्टर बहुधा मंद असतो आणि खिडक्यांना पडदे असतीलच असे नाही. म्हणून मोबाईलवर ठीक वाटणारे अंधारे छायाचित्र पडद्यावर नुसता काळा डाग दिसते. निवडलेल्या चित्रांचा उजळपणा थोडा वाढवून ठेवणे शहाणपणाचे.

छायाचित्रे संगणकावर घेताना व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवू नयेत, कारण त्यात त्यांचा आकार घटवला जातो आणि मोठ्या पडद्यावर कडा फाटतात. केबल लावावी, किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवायची असल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. पूर्ण पडदा व्यापणाऱ्या चित्राला 1920 गुणिले 1080 पिक्सेल इतका आकार पुरेसा आहे. त्याहून कितीतरी मोठी चित्रे भरली तर फाइल जड होते आणि जुना लॅपटॉप स्लाइड बदलताना अडखळतो.

स्वतः काढता येत नाहीत अशी चित्रेही लागतात. कोल्हापुरातील शाहूपुरीच्या जुन्या व्यापारपेठेचे छायाचित्र हवे असेल, तर ते कोणी काढले आणि केव्हा प्रसिद्ध झाले याची चौकशी करावी. भारतीय कायद्यानुसार छायाचित्रावरील स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो, त्यामुळे ‘इंटरनेटवर मिळाले’ हे उत्तर पुरेसे नाही. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्रे मुक्त परवान्याखाली असतात, मात्र परवान्यात छायाचित्रकाराचे नाव देण्याची अट असल्यास ते कोपऱ्यात लहान अक्षरांत द्यावे. ज्या माणसांचे चेहरे दिसणार आहेत त्यांना आधी विचारावे. गुऱ्हाळावर ताजा गूळ हातावर मिळतो त्याच गप्पांत हे विचारून होते, त्याला फार औपचारिकता लागत नाही.

काही ठिकाणी छायाचित्रच काढता येत नाही. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव हा या पद्धतीसाठी उत्तम विषय आहे: नोव्हेंबर महिन्यात आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या प्रारंभापर्यंत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी मूर्तीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात, असे परंपरेने मानले जाते. अशा वेळी परवानगीचा प्रश्न टाळून मंदिराचा उभा छेद स्वतः रेखाटावा आणि तेच रेखाचित्र चार-पाच स्लाइड्सवर ठेवून फक्त किरणाची रेघ पुढे सरकवत न्यावी. चौकट तीच, बदल एकच, अशी मांडणी वीस सेकंदांत फार स्वच्छ समजते आणि हाताने काढलेली साधी रेघ कोणत्याही सजावटीपेक्षा अधिक सांगते.

क्रम लावणे: जमिनीवर, संगणकावर नव्हे

निवडलेली तीस-पस्तीस छायाचित्रे लहान आकारात छापून घ्यावीत. झेरॉक्सच्या दुकानात एका पानावर सहा-आठ चित्रे सहज छापून मिळतात. ती कापून सतरंजीवर पसरावीत आणि उभे राहून पाहावे. संगणकावर एका वेळी एकच स्लाइड मोठी दिसते, तर जमिनीवर सगळा प्रवास एकदम दिसतो आणि कोठे पुनरुक्ती आहे, कोठे उडी आहे, हे क्षणात कळते. चित्रीकरणापूर्वी पात्रे, वेशभूषा आणि हालचाली कागदावर रेखाटण्याची चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांची पद्धत ज्या कोल्हापुरात रुजली, तेथे चित्रांतून विचार करणे ही काही परकी गोष्ट नव्हे.

वीस स्लाइड्स म्हणजे वीस मुद्दे असा गैरसमज सर्वत्र आढळतो. वीस वेगवेगळे मुद्दे सांगितले की प्रेक्षकाला एकही आठवत नाही. स्लाइड्सचे चार ते सहा गट करावेत आणि ते मुद्दाम असमान ठेवावेत. आपल्या उदाहरणात ऊसतोड आणि वाहतूक यांना तीन स्लाइड्स, रस काढण्याला दोन, काहिलीवरच्या कामाला आठ, वाफ्यात (पाक निववण्याच्या उथळ जागेत) ओतून ढेप बांधण्याला तीन, बाजारातील सौद्याला तीन आणि अखेरीस एक, अशी वाटणी होऊ शकते. काहिलीला आठ स्लाइड्स, म्हणजे 2 मिनिटे 40 सेकंद, मिळाल्या याचे कारण आपले विधान गुळव्याच्या नजरेविषयी आहे आणि ती नजर तेथेच कामाला लागते: भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणणे, ती झाऱ्याने काढणे, जाळ कमी-अधिक करायला सांगणे, पाकाचा रंग आणि बुडबुड्यांचा आकार पाहणे, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते चाचपणे, आणि नेमक्या क्षणी काहील उतरवणे. प्रत्येक टप्प्याला समान वाटा दिला असता, तर हे सर्व तीन-चार स्लाइड्सवर कोंबावे लागले असते.

वीस सेकंद अपुरे पडतील अशा चित्रासाठी एक सोपी युक्ती आहे. तेच चित्र सलग दोन स्लाइड्सवर ठेवावे. प्रेक्षकाला बदल जाणवत नाही आणि वक्त्याला चाळीस सेकंद मिळतात. पहिल्या स्लाइडवर पूर्ण चित्र आणि दुसऱ्यावर त्याच चित्राचा कापून मोठा केलेला भाग ठेवला, तर अधिक चांगले. ही सवलत एका सादरीकरणात एकदा-दोनदाच घ्यावी.

पहिली स्लाइड शीर्षक आणि स्वतःचे नाव यांवर, आणि शेवटची ‘धन्यवाद’ या शब्दावर खर्च करण्याची आपल्याकडील चाल या पद्धतीत परवडत नाही. नाव सूत्रसंचालक सांगतोच. पहिल्या चित्राने थेट विषयात न्यावे: धगधगते चुलवाण, किंवा नुसता हात आणि त्यावरची गुळाची गोळी.

स्लाइडवरील अक्षरे आणि आकडे

शक्यतो चित्रावर अक्षरच असू नये. जेथे नाव सांगितल्याशिवाय वस्तू ओळखता येणार नाही, तेथे दोन-तीन शब्द पुरेत. आकडा द्यायचा असेल तर एका स्लाइडवर एकच द्यावा. समजा, विषय पंचगंगेचा पूर असता, तर राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट ही दोन माहितीची टोके कोष्टकात मांडण्याऐवजी पाण्याच्या मोजपट्टीच्या छायाचित्रावर आधी 39 आणि पुढच्या स्लाइडवर 43 अशी मोठ्या अक्षरांत दाखवली असती, तर मधल्या चार फुटांची भीती शब्दांशिवाय पोचली असती.

मराठी अक्षरांबाबत एक इशारा द्यावा लागतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास निरर्थक खुणांत बदलतो. म्हणून युनिकोडमध्येच टंकलेखन करावे, आणि ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ यांसारखा खास फॉन्ट वापरला असल्यास पॉवरपॉइंटच्या ‘सेव्ह’ पर्यायांमध्ये जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स’ ही खूण करावी. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे अक्षरांसह संपूर्ण स्लाइड चित्र म्हणून जतन करून ते चित्रच नव्या फाइलमध्ये बसवणे. जोडाक्षरे फुटण्याची शक्यता मग उरतच नाही.

वेळ यंत्राच्या स्वाधीन करणे

पॉवरपॉइंटमध्ये ‘ट्रान्झिशन्स’ या टॅबमध्ये उजव्या बाजूला ‘ॲडव्हान्स स्लाइड’ हा भाग असतो. तेथील ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढावी, ‘आफ्टर’समोर खूण करून 00:20.00 लिहावे आणि ‘अप्लाय टू ऑल’ दाबावे. त्याच ठिकाणी स्लाइड बदलण्याचा सजावटी परिणाम ‘नन’ असा ठेवावा. स्लाइड उलगडण्या-फिरण्यात जाणारा वेळ वीस सेकंदांच्या वर जमा होत गेला, तर अखेरीस एकूण हिशेब चुकतो. चित्रांना दिलेली हालचाल लांबली तरीही स्लाइड अडकून राहते, त्यामुळे तीही नको. नंतर ‘स्लाइड शो’ टॅबमधील ‘सेट अप स्लाइड शो’ उघडून ‘युजिंग टायमिंग्ज’ हा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे. तो निवडलेला नसेल तर वरची सर्व मेहनत फुकट जाते.

लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये ‘स्लाइड ट्रान्झिशन’च्या पट्टीत ‘ऑटोमॅटिकली आफ्टर’ निवडून 20 सेकंद लिहावेत आणि ते सर्व स्लाइड्सना लागू करावेत. गूगल स्लाइड्समध्ये मात्र अडचण येते: आपोआप पुढे सरकण्याच्या यादीत 15 आणि 30 सेकंद आहेत, 20 नाहीत. इग्नाइटसाठी ते चालते. पेचाकुचासाठी फाइल पॉवरपॉइंटच्या स्वरूपात उतरवून घेऊन वेळ तेथे लावणे सोपे.

मूळ वीस स्लाइड्सच्या आधी एक काळी स्लाइड जोडावी आणि फक्त तिच्यापुरती क्लिकची खूण ठेवून वेळेची खूण काढावी. वक्ता माईकपाशी पोचेपर्यंत पडदा काळा राहतो आणि क्लिक करताच घड्याळ सुरू होते. शेवटीही एक काळी स्लाइड ठेवली, तर बोलणे संपताच पडद्यावर संगणकाचा पसारा उघडा पडत नाही.

शब्द लिहिणे

आता लेखणी हातात घ्यावी. सार्वजनिक ठिकाणी सावकाश मराठी बोलणारा माणूस सेकंदाला साधारण दोन शब्द बोलतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने शब्द लांब होतात आणि इंग्रजीसाठी सांगितलेले हिशेब येथे चालत नाहीत. वर्तमानपत्रातील एक उतारा मोबाईलचे घड्याळ लावून मोठ्याने वाचावा आणि स्वतःचा वेग मोजून घ्यावा. वीस सेकंदांपैकी पहिली दोन सेकंदे प्रेक्षकाला चित्र पाहण्यासाठी आणि शेवटची दोन सेकंदे आपल्याला श्वास घेण्यासाठी सोडली, तर सोळा सेकंद उरतात, म्हणजे सुमारे 32 शब्द. इग्नाइटमध्ये हीच मर्यादा बावीस-तेवीस शब्दांवर येते. एवढ्या शब्दांत दोन वाक्ये बसतात. तिसरे वाक्य लिहिले की ते पुढच्या चित्रावर सांडते.

चित्रात जे दिसते ते बोलू नये. काहिलीवर वाफ दाटलेली दिसत असताना ‘येथे रस उकळत आहे’ असे सांगणे म्हणजे चार सेकंद वाया घालवणे होय. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘पाक सुमारे 118 अंशांपर्यंत तापला की गूळ तयार होतो. गुळव्या मात्र थर्मामीटर पाहत नाही. तो पाण्यात थेंब टाकतो आणि त्याची गोळी बोटांत वळते का, ते पाहतो.’ चित्राने दृश्य दिले, वाक्याने त्यामागचे कारण दिले, आणि प्रेक्षकाने दोन्ही जोडून घेतले. आवाज, वास, चव, तापमान, मजुरी, भाव, वेळ या चित्रात न येणाऱ्या गोष्टी शब्दांचा खरा प्रांत आहेत. एखाद्या स्लाइडवर काहीही न बोलणे हेही चालते, नव्हे, एकदा तरी तसे करून पाहावे. ढेपेवरचे कापड उलगडताना दिसते त्या चित्रावर पाच-सहा सेकंद गप्प राहिलेला वक्ता सभागृहाला चित्राकडे वळवतो.

सराव

पाठांतराने ही पद्धत साधत नाही, कारण पाठ केलेला माणूस एक शब्द विसरला की सारेच विसरतो. प्रत्येक गटाच्या पहिल्या स्लाइडसाठी एक वाक्य पक्के करावे आणि ते स्लाइड येताच बोलायचेच, असे ठरवावे. मधली वाक्ये सैल राहिली तरी हरकत नाही. मागे पडल्याचे लक्षात आले तर वेग वाढवू नये; चालू वाक्य पूर्ण करावे, पुढचे गाळावे आणि पडद्यावरच्या चित्राला येऊन मिळावे. गाळलेले वाक्य वक्त्याखेरीज कोणालाच माहीत नसते, धावपळ मात्र सर्वांना ऐकू येते. पुढे गेल्याचे लक्षात आले तर उत्तर आणखी सोपे आहे: थांबावे.

सुरुवातीचा सराव उभे राहून, मोठ्याने आणि पडद्याकडे पाठ करून करावा. पुढे घरातील अशा व्यक्तीला बसवावे, जिला विषय ठाऊक नाही, आणि बोलून झाल्यावर ‘कसे वाटले’ असे न विचारता ‘काय आठवते’ असे विचारावे. उत्तरात आपले मूळ विधान आले नाही, तर दोष बहुधा क्रमात असतो, बोलण्यात नसतो. पुन्हा सतरंजीवर जावे.

सभागृहात

संयोजकांनी वेळेचा हिशेब आधी करावा. दहा वक्त्यांची पेचाकुचा सादरीकरणे म्हणजे 66 मिनिटे 40 सेकंद निव्वळ बोलणे. दोन वक्त्यांमधील अदलाबदल आणि परिचय धरले तर दीड तास. सर्वांच्या फाइल्स आदल्या दिवशीच मागवून एकाच लॅपटॉपवर चालवून पाहाव्यात. दर वेळी केबल बदलण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एक वक्ता बोलून होतो. सभागृहाचा प्रोजेक्टर जुना असेल आणि पडदा चौकोनाकडे झुकणारा असेल, तर आडव्या स्लाइडच्या वर-खाली काळे पट्टे येतात; चित्रे ताणून ते भरू नयेत, पट्टे राहू द्यावेत.

लॅपटॉपचा स्क्रीनसेव्हर, ऊर्जाबचत आणि सर्व सूचना बंद कराव्यात. फाइलसोबतच तिचा व्हिडिओही तयार ठेवावा: पॉवरपॉइंटमध्ये ‘एक्स्पोर्ट’मधून ‘क्रिएट अ व्हिडिओ’ निवडल्यास लावलेल्या वेळेसह चित्रफीत तयार होते आणि ती कोणत्याही संगणकावर, वेळप्रसंगी मोबाईलवरूनही चालते. बोलणे चालू असताना लाईट गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि स्लाइड्स पुढे सरकतच राहतात, पडदा मात्र काळा असतो. अशा वेळी सूत्रसंचालकाने लगेच सादरीकरण थांबवावे आणि कोणत्या स्लाइडवर थांबले तो क्रमांक टिपून ठेवावा. लाईट परत आल्यावर पॉवरपॉइंटमध्ये तो क्रमांक टंकून एंटर दाबले की त्याच स्लाइडपासून वीस सेकंद नव्याने मोजले जातात. सुरुवातीला जोडलेल्या काळ्या स्लाइडमुळे क्रमांक एकाने पुढे सरकलेला असतो, हे मात्र त्याला आधी सांगून ठेवावे.